घाटदार रस्ते

मराठीत 'घाट' हा शब्द मोठा बहुगुणी आहे. कृष्णेच्या काठी दगडी पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या की तो घाट. सह्याद्रीची भिंत ओलांडून गाडी जेथून कोकणात उतरते तोही घाट. आणि एखाद्या तांब्याला, मूर्तीला किंवा कथेला जे बांधेसूद रूप असते त्यालाही आपण घाटच म्हणतो. 'घाटदार' हे विशेषण या तिसऱ्या अर्थाचे. व्युत्पत्तीचा काथ्याकूट वर्गासाठी राखून ठेवू. येथे इतकेच म्हणावयाचे आहे की, डोंगरातला रस्ता आणि देखणा बांधा या दोहोंना ज्या भाषेत एकच शब्द चालतो, त्या भाषेच्या लोकांना रस्त्याच्या रूपाचे वावडे असण्याचे काही कारण नाही.

परंतु आज रस्ता म्हटला की आपण विचारतो काय? किती पदरी आहे, टोल किती पडतो आणि पूर्वीपेक्षा किती वेळ वाचतो. "रस्ता कसा आहे हो?" या प्रश्नाचे आपल्याकडे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र म्हणजे "खड्डे नाहीत!" एखाद्या मुलीविषयी विचारावे आणि "चष्मा नाही" एवढेच उत्तर मिळावे, तसा हा प्रकार. रस्ता दिसतो कसा, तो डोंगराशी, शेताशी, गावाशी कसा वागतो, हे कोणी विचारीत नाही. मग ते राहून गेल्याची जाणीव झाली की शेवटी 'सुशोभीकरण' येते. चौकात एक कारंजे, दोन सिमेंटचे हत्ती आणि लोखंडी कमानीवर रंगीत दिवे. कारंजे वर्षभरात कोरडे पडते, हत्तींचे कान तुटतात. रस्ता होता तसाच राहतो.

खरी गोष्ट अशी की, रस्त्याचे सौंदर्य हा शेवटी चढवावयाचा दागिना नव्हे. ते आखणीतच असते किंवा नसते. आणि जेथे ते नसते तेथे पुष्कळदा उपयोगातही काहीतरी चुकलेले असते. हे पटवून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी बरीच कुटुंबे महाबळेश्वरला जातातच. त्यांनी पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर असे जावे आणि परत न फिरता आंबेनळी घाटाने पोलादपूर गाठून महाडला उतरावे. पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपासचा हा प्रवास. पण रस्ता कसा असावा आणि कसा नसावा, याचे जवळजवळ सगळे धडे त्यात आहेत.

पुणे सोडून कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडले की सहापदरी महामार्ग सुरू होतो. शिरवळ मागे पडते, खंडाळा येतो. हा साताऱ्याचा खंडाळा; लोणावळ्याच्या शेजारचा नव्हे. मग समोर खंबाटकीचा डोंगर आडवा येतो. साताऱ्याकडे जाणारी वाहने जुन्या घाटाने वर चढतात. पुण्याकडे येणारी मात्र बोगद्यातून येतात आणि बोगदा संपल्यावर उतारावर त्यांना एकामागून एक उलटसुलट दोन वळणे लागतात. इंग्रजी एस अक्षरासारखी, म्हणून सारे जण त्याला 'एस वळण' म्हणतात. या वळणाची ख्याती चांगली नाही. एप्रिल २०१८ मध्ये विजापूरकडून कामासाठी निघालेल्या मजुरांनी भरलेला टेम्पो येथेच कठड्यावर आदळून उलटला आणि पंधराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्याआधी आणि नंतरही येथे अपघात होत राहिले. शेवटी हे वळणच टाळण्यासाठी डोंगराच्या पोटात नवे तीन-तीन पदरी जोडबोगदे काढण्याचे काम हाती घ्यावे लागले.

या वळणात बिघडले काय? चालकाच्या जागी बसून विचार केला म्हणजे कळते. लांबलचक सरळ महामार्गाने त्याच्या पायाला वेगाची सवय लावलेली. बोगद्याच्या अंधारातून तो एकदम उजेडात येतो. रस्ता उताराचा, म्हणजे वेग आपोआप वाढणारा. आणि नेमके तेव्हाच रस्ता त्याला सांगतो, "आता वळ, आणि वळलास की लगेच उलट वळ." सूचनेचे फलक लावता येतात, गतिरोधक पट्टे मारता येतात, पण रस्त्याने मैलच्या मैल शिकवलेली सवय एका फलकाने पुसली जात नाही.

वळणाचेही एक शास्त्र आहे. सरळ रस्त्याला एकदम वर्तुळाचा तुकडा जोडला तर गाडीला हिसका बसतो. म्हणून सरळ रेषेपासून वळणापर्यंत वाकडेपणा हळूहळू वाढवीत न्यावयाचा असतो. सुकाणू जसजसे फिरते तसतसा रस्ता फिरला पाहिजे. त्याच वेळी रस्त्याची बाहेरची कड जरा उचलून द्यावयाची, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. चढउतार आणि वळण यांची जोडी अशी जमवावयाची की, उंचवट्यापलीकडे काय आहे हे डोळ्याला आधीच उमगावे. हे सारे नीट जमले की लांबून पाहताना रस्ता एखाद्या सैल सोडलेल्या फितीसारखा दिसतो. जमले नाही की तो मोडक्या काडीसारखा दिसतो. अनुभवी आखणीकार नकाशावरच्या रेषेकडे पाहूनच नाक मुरडतो ते याचसाठी. डोळ्याला जे मोडके दिसते, ते चाकालाही मोडकेच लागते.

मग वळणेच नकोत, सरळसोट रस्ता करा, असे कोणी म्हणेल. त्याचाही अनुभव आता आपल्या गाठीशी आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. काम प्रचंड आहे, यात शंका नाही. वन्य प्राण्यांना ओलांडून जाता यावे म्हणून त्यावर आणि त्याखाली खास वाटा ठेवल्या आहेत, ही तर कौतुकाची गोष्ट. परंतु रस्ता सुरू होताच अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या आणि चर्चेत एक नवा शब्द ऐकू येऊ लागला, 'महामार्ग-संमोहन'. तासन्तास समोर तीच पांढरी पट्टी, तेच कुंपण, तोच वेग. मेंदूला करण्यासारखे काही उरत नाही. डोळे उघडे राहतात आणि माणूस मात्र झोपतो. म्हणजे पाहण्यासारखे काही असणे ही चैन नव्हे, ती सुरक्षिततेची गरज आहे! लांबवर दिसणारे एखादे देऊळ, सौम्य वळण घेताना समोर येणारा डोंगर, बदलत जाणारी झाडे ही चालकाला जागे ठेवणारी मंडळी आहेत. दुभाजकातली कण्हेर आणि बोगनवेलसुद्धा नुसती फुलांसाठी नसते. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोत ती रात्री अडवते. रस्त्याच्या बाबतीत शोभा आणि उपयोग यांचे नाते असे सख्ख्या बहिणींचे आहे.

खंबाटकी उतरल्यावर वेळे मागे टाकून सुरूर फाट्याला महामार्ग सोडावयाचा. आणि येथे प्रवासाचा सूरच पालटतो. सुरूरपासून वाईपर्यंतच्या दहाबारा किलोमीटरांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जुने वड उभे आहेत. त्यांच्या फांद्या वर एकमेकींत मिसळल्या आहेत. मोटार जणू हिरव्या बोगद्यातून जाते. ऑक्टोबरच्या उन्हातून आत शिरले की गाडीतली बोलणीसुद्धा हलक्या आवाजात होऊ लागतात. मागच्या आसनावरची मुले काच खाली करा म्हणतात. या रस्त्यावर कोणालाही 'सौंदर्य' दाखवावे लागत नाही.

रस्त्याकडेला वड लावण्याची आपली परंपरा केवढी जुनी! सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात नोंदवून ठेवले आहे की, पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून मी वाटांवर वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या. ही यादी नीट पाहावी. तिच्यात शोभेसाठी म्हणून एकही वस्तू नाही. तरी ती वाट किती देखणी असेल, याची कल्पना करता येते. बैलगाडीच्या आणि पायी चालण्याच्या दिवसांत वडाची सावली म्हणजे आजच्या पेट्रोल पंपाइतकी गरजेची होती. बुंध्यांना मारलेले चुन्याचे आणि गेरूचे पट्टे अंधारात रस्त्याची कड दाखवीत. पावसाळ्यात मुळे बाजूची माती धरून ठेवीत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हे लिखाण म्हणजे नुसते उसासे होतील. ताशी ऐंशी किलोमीटरने येणाऱ्या गाडीसाठी डांबराला चिकटून उभा असलेला बुंधा ही भिंतच असते. वाहने वाढली, ऊसाच्या ट्रॉल्या आल्या, सुट्टीत मोटारींची रांग लागते. रुंदीकरण हवे असे म्हणणारे सारेच काही झाडांचे वैरी नसतात. त्यांतल्या कोणाचा तरी मुलगा याच रस्त्यावरून रोज दुचाकीने जात असतो. म्हणूनच प्रश्न 'झाड की माणूस' असा मांडला की तो कधीच सुटत नाही. तो आखणीचा प्रश्न म्हणून मांडावा. जुनी वडांची रांग आहे तेथेच ठेवून तिच्याखालचा रस्ता एका दिशेच्या वाहतुकीला किंवा गावच्या सायकली-बैलगाड्यांना द्यावा आणि नवा पदर रांगेच्या पलीकडून काढावा, हे अशक्य नाही. त्याला जमीन लागते, पैसा लागतो, शेतकऱ्याला योग्य मोबदला द्यावा लागतो. हे कबूल. पण शंभर वर्षांचा वड कोणत्याही अंदाजपत्रकात विकत मिळत नाही. तेलंगणात हैदराबाद–विजापूर मार्गावरच्या चेवेळ्याच्या शेकडो वडांसाठी लोक हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले, ते हट्ट म्हणून नव्हे. आखणी बदलता येते या विश्वासाने.

नियम नाहीत असेही नाही. आपल्या देशात रस्त्यांचा एकत्रित विचार सुरू झाला तो १९२७ साली नेमलेल्या समितीपासून, आणि तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे १९४८ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून वाचणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल की, रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर घेऊन स्वतंत्र निधी उभारावा, ही शिफारस याच गृहस्थांच्या समितीची? तिच्याच विचारातून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस निघाली. चढ किती असावा, वळण किती त्रिज्येचे असावे, झाडे कोठे आणि किती अंतरावर लावावीत, याची मानके आजही ही संस्था ठरविते. २०१५ साली केंद्र सरकारने हरित महामार्गांचे धोरण जाहीर केले. त्यात झाडे लावण्याची, जुनी झाडे उचलून दुसरीकडे रुजवण्याची आणि त्यांची निगा राखण्याची तरतूद आहे. कागदावर आपण मागे नाही. उणीव आहे ती कागद आणि खडी यांच्या मधल्या जागेत.

वाई आली की गाडी थोडा वेळ थांबवावी. विश्वकोशाचे हे गाव. मराठीच्या माणसाला येथून तसेच पुढे जाणे कठीणच. पण आपल्या विषयासाठी पाहावयाचे ते ढोल्या गणपतीचे मंदिर, आणि तेही मागच्या बाजूने. समोरून सारेच पाहतात. मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराने निमुळती केली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या धारेवर दुभंगून दोहों बाजूंनी निघून जावे, ही त्यातली योजना. पुराशी झुंजण्यासाठी केलेली ती भिंत आहे आणि मंदिराचे सौष्ठवही तिनेच वाढवले आहे. ज्या कोणी ती रचली, त्याला 'उपयोगी' आणि 'सुंदर' या दोन वेगळ्या फायली आहेत, हे ठाऊक नसावे. नदीकाठचे घाटही तसेच. धुणे धुवावे, संध्या करावी, पुराचे पाणी किती चढले ते पायऱ्यांवर मोजावे. आणि संध्याकाळी त्यांच्याकडे नुसते बघत बसावे.

वाईतून पसरणीचा घाट चढावयाचा. पसरणी म्हणजे शाहीर साबळे यांचे गाव. त्यांचा आवाज ऐकला की हा डोंगर आठवतो, आणि हा डोंगर चढताना त्यांचा आवाज. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या आसपास. बारा-तेरा किलोमीटरांत पावणेसहाशे मीटर चढावयाचे म्हणजे सरासरी वीस-बावीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा हिशेब पडतो. आजची मानकेही डोंगरी रस्त्याला साधारण हाच चढ योग्य समजतात. वीसास एक. हे जुने घाट बैलाच्या खांद्याचा विचार करून आखलेले होते. बैलाला दमवावयाचे नाही, उतरताना गाडी त्याच्या अंगावर येऊ द्यावयाची नाही. म्हणून रस्ता डोंगराच्या अंगाने, त्याच्या घड्या-चुण्यांतून वळसे घेत जातो. फार कापणे नाही, फार भरणे नाही. डोंगराला न दुखवता वर गेलेला रस्ता, म्हणून तो डोंगराचाच भाग वाटतो. प्रत्येक वळणावर खालचे कृष्णेचे खोरे थोडे अधिक उलगडते. आधी नुसती शेते, मग वाईची घरे, मग धोम धरणाचे पाणी, समोर पांडवगड. जणू रस्ताच एकेक पान उलटून दाखवतो आहे.

येथे कठड्याविषयी चार शब्द. जुन्या घाटांतून काळ्या दगडांचे बसके कठडे असत. मधेमधे पाणी जाण्याला फटी. ते दिसावयास फार सुरेख, पण भरधाव बसला अडवण्याचे बळ त्यांच्यात बेताचेच. आजचा पन्हळी पोलादी कठडा दिसावयास रुक्ष. पण धडकेचा जोर तो स्वतः वाकून शोषून घेतो आणि गाडीला रस्त्यावर परतवतो. अशा ठिकाणी मी निःसंशय पोलादाच्या बाजूचा आहे. ज्याने माणूस वाचतो ते कुरूप म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. फक्त दरड कोसळण्याची जागा, वळण आणि दरी पाहून तो लावावा. आणि धडकेत वाकलेला तुकडा वर्षानुवर्षे तसाच लोंबत ठेवू नये. निगा न राखलेली वस्तू कितीही उपयोगी असली तरी आधी कुरूप होते आणि मग निरुपयोगी.

पाचगणी ते महाबळेश्वर हा अठरा-वीस किलोमीटरांचा तुकडा सिल्व्हर ओकच्या उंच रांगांचा, लाल मातीचा आणि स्ट्रॉबेरीच्या दुकानांचा. हा सारा प्रदेश २००१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. तरीही रस्त्याने जाताना डोळ्यांत प्रथम भरतात ते फलक. हॉटेलांचे, प्लॉटांचे, जॅम-सरबतांचे. धंदा करावयाचा तर पाटी हवीच. त्याविषयी तक्रार नाही. परंतु वळणाच्या आतल्या बाजूला उभी केलेली प्रचंड पाटी समोरून येणारी मोटार झाकते, आणि दरीच्या बाजूला लावलेली पाटी ज्यासाठी पाहुणा एवढ्या लांबून आला ती दरीच झाकते. माणसाला जेवायला बोलावून ताटावर बिलाचा कागद अंथरावा, तसे हे झाले. गावाच्या वेशीवर सर्व दुकानांच्या सारख्या आकाराच्या लहान पाट्या एका चौकटीत लावल्या तर दुकानेही सापडतील आणि डोंगरही.

महाबळेश्वरच्या जुन्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली कृष्णा पूर्वेकडे जाते. तिच्या काठाने आपण वर आलो. सावित्री पश्चिमेकडे उडी घेते. तिच्या सोबतीने आता उतरावयाचे. आंबेनळी घाट, ज्याला इंग्रजांच्या काळात फिट्झजेराल्ड घाट म्हणत, तो चाळीसएक किलोमीटरांत बाराशे मीटरांहून अधिक खाली घेऊन जातो. वाटेत प्रतापगडाचा फाटा लागतो. जावळीचे रान दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकलेले. पावसाळा नुकताच संपलेला असला तर कातळांवरून अजून बारीक धारा ओघळत असतात आणि उतारावर सोनकीची पिवळी फुले. या महाराष्ट्रात याहून देखणे रस्ते फार नसतील.

आणि याहून अवघडही फार नसतील. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीहून महाबळेश्वरला निघालेली एक बस या घाटातून खोल दरीत कोसळली. तिच्यातला एकच प्रवासी वाचला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात साऱ्या पावसाळ्यात जेवढा पडतो, त्याच्याशी हे माप ताडून पाहावे. त्या पावसात आंबेनळी घाट जागोजागी तुटला, दरडी आल्या, रस्त्याचे तुकडेच्या तुकडे वाहून गेले आणि पोलादपूर–महाबळेश्वर दळणवळण कित्येक दिवस बंद राहिले. त्याच पावसाने महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. अशा ठिकाणी रस्त्याच्या सौंदर्याची गोष्ट काढणे अनेकांना पोरकटपणाचे वाटेल.

परंतु येथेच ती काढली पाहिजे. घाटरस्त्याचा जीव डांबरात नसतो, मोरीत असतो. डोंगराकडच्या बाजूला नीट बांधलेले गटार, ओढ्याच्या प्रत्येक घळीपाशी पुरेशा तोंडाची मोरी, मोरीतून पडणारे पाणी खालची माती खरवडू नये म्हणून दगडांचा उतार. एवढे केले की निम्मा घाट सुरक्षित झाला. सह्याद्रीचा कातळ थरांचा आहे. कठीण थरांच्या मधे मऊ, तांबूस थर, आणि वर झिजलेल्या मातीची चादर. रुंदीकरणासाठी पायथ्याशी उभा काप घेतला, वरची झाडी गेली आणि पाणी वाट मिळेल तेथे मुरू लागले की ती चादर घसरते. म्हणजे ज्या आखणीने डोंगर कमीत कमी कापला, ओढ्याला त्याची वाट दिली आणि झाडी राखली, तीच आखणी टिकते. आणि दिसावयासही तीच चांगली असते. ओरबाडलेला डोंगर डोळ्याला खुपतो तो उगाच नव्हे. डोळा सांगत असतो की, येथे काहीतरी सुटले आहे.

दूर अमेरिकेत ॲपलाचियन डोंगररांगेच्या माथ्यावरून 'ब्लू रिज पार्कवे' नावाचा ४६९ मैलांचा रस्ता जातो. १९३५ साली त्याचे काम सुरू झाले आणि पुरे झाले १९८७ साली! शेवटी अडले होते ते ग्रँडफादर नावाच्या डोंगरापाशी. डोंगराची कूस फोडून रस्ता नेणे सोपे होते. पण तसे न करता तेथे डोंगराच्या अंगाअंगाने वळत जाणारा एक अधांतरी पूल बांधला, आणि तोही एकेक तुकडा आधीच्या तुकड्यावरूनच पुढे जोडीत, खालचे खडक आणि झाडे न तुडवता. आपल्याला बावन्न वर्षे थांबणे परवडणार नाही. महाबळेश्वरच्या पावसाला त्यांची मापेही चालणार नाहीत. तरी डोंगर हा अडथळा नसून यजमान आहे, ही वृत्ती कोठूनही उसनी घेण्याजोगी आहे.

पोलादपूरला घाट संपतो आणि मुंबई–गोवा महामार्ग लागतो. उत्तरेकडे वळून थोडेच गेले की महाड, आणि महाडपाशी पुन्हा सावित्री. वर देवळात गोमुखातून बारीक धारेने पडताना पाहिली तीच. येथे १९२८ साली बांधलेला कमानींचा दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, सावित्रीला महापूर आलेला असताना, तो कोसळला. अंधारात दोन एस. टी. गाड्या आणि इतर काही वाहने त्या पोकळीत गेली. कोणी परत आले नाही. त्यानंतर अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. मनात आणले तर आपण किती वेगाने बांधू शकतो, याचा तो पुरावा आहे. आणि वेळेवर पाहिले नाही तर काय होते, याचाही.

तो जुना पूल दिसावयास उत्तम होता. पण दिसणे आणि पाहणे यांत अंतर आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या पुलाचे पाय पाण्याखाली कसे आहेत, हे कोणी तरी खाली उतरून बारकाईने पाहावयास हवे होते. घाटदार वस्तूचीही निगा राखावी लागते; नुसते कौतुक पुरत नाही. रस्त्यावर प्रेम करावयाचे म्हणजे त्याची तपासणी करावयाची, मोऱ्या पावसाआधी साफ करावयाच्या, वडाच्या वाळलेल्या फांद्या वेळेवर उतरवावयाच्या. या रोजच्या, नाव न होणाऱ्या कामांत सौंदर्यही आहे आणि माणसांचे प्राणही.

या सुट्टीत आपण या बाजूला गेलात तर घाईने मुक्काम गाठू नका. सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा. मुलांना नुसती दरी आणि माकडे दाखवू नका. एखादी मोरी दाखवा, वळणाची उचललेली कड दाखवा, वडाचा बुंधा हातात हात घालून किती जणांच्या कवेत मावतो ते मोजायला सांगा. कोठे मोरी तुंबलेली, कठडा तुटलेला किंवा पाटीने वळण झाकलेले दिसले तर ठिकाणाच्या किलोमीटर-दगडाचा आकडा टिपून घ्या आणि घरी आल्यावर सार्वजनिक बांधकाम खात्याला चार ओळींचे पत्र टाका. एका पत्राने काही होत नाही, हे खरे. पण दर दिवाळीला या रस्त्याने हजारो कुटुंबे जातात, आणि पुढचा पावसाळा कधी येणार हे आपल्या सर्वांनाच ठाऊक असते.